हॅलिबटचा हंगाम

पाठाविषयी

कोकण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ‘लेपा’ हा मासा परिचित असतो. तो भाकरीसारखा चपटा असतो, वाळूत अंग पुरून पडून राहतो आणि त्याचे दोन्ही डोळे शरीराच्या एकाच बाजूला असतात. बाजारात तो मिळतो तो बहुधा वीतभर लांबीचा. ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यांनी एखादा मासा कुशीवर निजला आहे आणि तसाच पोहू लागला आहे अशी कल्पना करावी, म्हणजे चपट्या माशांचे चित्र डोळ्यांपुढे येईल. या माशांच्या मोठ्या समूहातील एक मासा पृथ्वीच्या उत्तर भागातील थंड समुद्रांत राहतो आणि तेथे तो माणसापेक्षाही मोठा होतो. त्याचे नाव हॅलिबट.

प्रस्तुत पाठ हा माहितीपर लेख आहे. त्यात माशाविषयी माहिती आहे आणि माशामागे धावणाऱ्या माणसांविषयीही आहे. पाठ वाचल्यावर हॅलिबटची जीवनरीती तुम्हांला आपल्या शब्दांत सांगता येईल, तसेच मासेमारीचे नियम का करावे लागले आणि प्रत्येक नियमाने कोणता नवा प्रश्न उभा केला, हेही स्पष्ट करता येईल. वाचताना आकडे पाठ करण्याची गरज नाही. कोणत्या कारणाचा कोणता परिणाम झाला, याकडे लक्ष द्यावे.

मूळ पाठ

एका डोळ्याचा प्रवास

हॅलिबटच्या दोन प्रमुख जाती आहेत. एक अटलांटिक महासागराच्या उत्तर भागात आढळते, दुसरी प्रशांत महासागराच्या उत्तर भागात. दोन्ही जाती दिसण्यात जवळजवळ सारख्या. अंग लांबट शंकरपाळ्याच्या आकाराचे, तोंड मोठे, दात तीक्ष्ण. पूर्ण वाढलेली मादी अडीच मीटर लांब आणि दोनशे किलोहून अधिक वजनाची असू शकते. नर मात्र लहानच राहतात. पंचेचाळीस किलोपेक्षा जड हॅलिबट गळाला लागला, तर तो जवळजवळ नेहमी मादीच असतो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

हिवाळ्यात, नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत, प्रशांत महासागरातील हॅलिबट भूखंडमंचाच्या कडेला, जेथे समुद्राचा तळ एकदम खोल उतरू लागतो, तेथे जातात. शेकडो मीटर खोल, काळोख्या व थंड पाण्यात माद्या अंडी सोडतात. मध्यम आकाराची मादी पाच लाखांच्या आसपास अंडी घालते, तर शंभर किलोहून जड मादी चाळीस लाखांपर्यंत. म्हणजे एक मोठी मादी अनेक लहान माद्यांच्या बरोबरीची असते. अंडी प्रवाहाबरोबर तरंगत राहतात व सुमारे पंधरा दिवसांत फुटतात.

अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लू चपटे नसते. इतर कोणत्याही माशाप्रमाणे ते सरळ पोहते, एक डोळा डावीकडे आणि एक उजवीकडे. पिल्लू साधारण अडीच सेंटिमीटरचे होते, तेव्हा त्याच्या शरीरात मोठा पालट घडू लागतो. कवटी पिळवटते. डावा डोळा हळूहळू कपाळावरून सरकत उजव्या बाजूला येतो आणि दुसऱ्या डोळ्याच्या शेजारी स्थिरावतो. मासा डाव्या कुशीवर कलतो. वर राहिलेली उजवी बाजू तपकिरी, ठिपकेदार होते आणि खालची डावी बाजू पांढरी पडते. सुमारे सहा महिन्यांचे झाल्यावर ते पिल्लू किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात तळाशी उतरते व तेव्हापासून चपट्या माशाचे आयुष्य जगू लागते. फार क्वचित, वीस हजारांत एखाद्या माशाच्या बाबतीत, उलटे घडते आणि दोन्ही डोळे डाव्या बाजूला येतात.

ही रचना हॅलिबटला उत्तम उपयोगी पडते. तळावरच्या चिखलावाळूत त्याची तपकिरी पाठ ओळखू येत नाही, आणि खालून पाहणाऱ्याला त्याचे पांढरे पोट वरच्या उजेडात मिसळून जाते. पण हॅलिबट केवळ दबा धरून बसणारा मासा नव्हे. बहुतेक चपटे मासे तळ सोडत नाहीत, हॅलिबट मात्र सोडतो. तो बलदंड पोहणारा आहे. कॉड, पोलॉक, हेरिंग यांसारख्या माशांचा तो पाण्याच्या मधल्या थरांत पाठलाग करतो. खेकडे आणि ऑक्टोपसही त्याच्या भक्ष्यात येतात. शास्त्रज्ञांनी खुणेची पट्टी लावून सोडलेल्या माशांपैकी एक अलास्काच्या पश्चिम टोकाकडील बेटांजवळून निघाला व सुमारे चार हजार किलोमीटर दूर अमेरिकेच्या ओरेगन राज्याच्या किनाऱ्याजवळ सापडला.

आता वयाचा विचार करू. माशाच्या कानात चुन्याचा एक लहान खडा असतो. त्याला कर्णाश्म म्हणतात. झाडाच्या खोडात वर्षाला एक वलय तयार होते, तसेच या खड्यातही होते. वलये मोजली की माशाचे वय कळते. या मोजणीवरून असे दिसून आले, की प्रशांत महासागरातील हॅलिबटची मादी सरासरी बारा वर्षांची झाल्यावर प्रजननक्षम होते. नर आठ वर्षांचा झाल्यावर होतो. पंचावन्न वर्षे जगलेल्या हॅलिबटची नोंद आहे. याचा अर्थ असा, की आज समुद्रातून काढलेल्या मोठ्या मादीची जागा भरून यायची तर एक तप लागते. बाजाराला मात्र एवढा धीर कधीच नसतो.

विचार करा : मोठ्या माद्या अधिक पकडल्या गेल्या, तर त्याचा परिणाम पुढच्या पिढीवर कसा होईल?

लाकडी गळ

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्लिंगित, हायडा, मकाह इत्यादी मूळ रहिवासी समाज हजारो वर्षांपासून राहत आले आहेत. हॅलिबट हे त्यांचे एक मुख्य अन्न होते. त्याच्या मांसाच्या पातळ पट्ट्या कापून, वाऱ्यावर सुकवून ते हिवाळ्यासाठी साठवीत. दोर ते केल्प नावाच्या समुद्रवनस्पतीच्या लांब देठांपासून किंवा सीडार वृक्षाच्या सालीपासून वळत.

त्यांचा गळ विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो लाकडाच्या दोन तुकड्यांचा, चिमट्यासारखा उघडा असे. एका फाट्याला आतल्या बाजूने हाडाचा टोकदार काटा बांधलेला असे व त्याला ऑक्टोपसच्या मांसाचे आमिष लावत. लाकूड तरंगते, म्हणून दगडाच्या वजनाने दोर तळाशी गेला तरी गळ तळापासून थोडा वर राही आणि तळावरच्या खेकड्यांना आमिष लागत नसे. गळाच्या दुसऱ्या फाट्यावर कावळा, पाणमांजर, ऑक्टोपस अशी आकृती कोरलेली असे, आणि ती माशाकडे तोंड करून राही. फाट्यांमधील अंतर इतके बेताचे असे, की अगदी लहान माशाच्या तोंडात तो गळ शिरत नसे आणि अजस्र माशाचे जाड ओठ त्या फटीत मावत नसत. लहान मासे वाढीसाठी सुटत, मोठ्या माद्या अंड्यांसाठी सुटत. शिवाय नव्वद-शंभर किलोचा मासा लाकडी डोंगीत ओढून घेणे म्हणजे जिवाशी खेळ होता. आजही मोठ्या बोटीवर चढवलेला हॅलिबट शेपटीच्या फटक्याने माणसाचा पाय मोडू शकतो.

मकाह समाजाने 1855 साली अमेरिकन सरकारशी तह केला, तेव्हा त्यांनी आपली पुष्कळशी जमीन सोडली. पण नेहमीच्या ठिकाणी मासे धरण्याचा हक्क तहात लिहून घेतला.

एक समुद्र रिकामा झाला

अटलांटिकच्या बाजूला गोष्ट वेगळी घडली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स भागातील मच्छीमार कॉड मासा धरण्यासाठी जात. हॅलिबट गळाला लागला, तर ते त्रासून जात, कारण तो दोर गुंतवी, वेळ घेई आणि बाजारात त्याला भाव नसे. पुढे 1820 नंतर बॉस्टन शहरात हॅलिबटला गिऱ्हाईक मिळू लागले. बर्फात ठेवून ताजा मासा दूरवर पाठवण्याची सोय झाली, आगगाडी आली, आणि पंचवीस-तीस वर्षांत जवळच्या जॉर्जेस बँक या मासेमारीच्या प्रसिद्ध क्षेत्रात हॅलिबट दुर्मिळ झाला. बोटी अधिक खोल पाण्यात गेल्या. तेथील मासे संपत आले, तेव्हा न्यूफाउंडलंड, ग्रीनलंड आणि शेवटी आइसलंडपर्यंत गेल्या. कोठेही थांबून मासा वाढू द्यावा, असा विचार कोणी केला नाही. आणि करणार तरी कोण? समुद्र कोणाच्याच मालकीचा नव्हता. आपण सोडलेला मासा दुसरा धरणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

शतक संपेपर्यंत तो धंदा जवळजवळ मोडला. त्याची झीज आजवर पुरती भरून आलेली नाही. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर 1999 पासून एका बोटीला एका फेरीत एकच हॅलिबट ठेवून घेता येतो. कॅनडाच्या बाजूला मात्र 2000 नंतरच्या काळात या माशाची संख्या चांगली वाढली आहे.

तह

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा मासा संपत असतानाच खंडाच्या आरपार लोहमार्ग पूर्ण झाले होते. 1888 साली पूर्वेकडून आलेल्या शिडांच्या जहाजांनी प्रशांत किनाऱ्यावर हॅलिबट धरला व वॉशिंग्टन प्रदेशातील टकोमा या बंदरातून तो बर्फात घालून आगगाडीने बॉस्टनला रवाना झाला. पश्चिमेचा मासा पूर्वेच्या ताटात जाऊ लागला. काही वर्षांतच वाफेची जहाजे आली. ती आपल्याबरोबर दहा-बारा लहान होड्या नेत. प्रत्येक होडीत दोन माणसे असत. ती लांब दोर समुद्रतळाशी सोडत. त्या दोराला ठरावीक अंतरावर आखूड दोर आणि प्रत्येक आखूड दोराच्या टोकाला एक गळ बांधलेला असे. सिएटल शहरात व अलास्कात स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन लोकांनी या धंद्यात मोठे नाव मिळवले. थंड समुद्राची विद्या त्यांनी मायदेशाहूनच आणली होती.

अटलांटिकची पुनरावृत्ती होणार, हे लवकरच दिसू लागले. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सरकारसाठी 1914 पासून विल्यम थॉम्पसन या तरुण शास्त्रज्ञाने हॅलिबटचा अभ्यास सुरू केला. त्याने बोटींच्या कप्तानांच्या वह्या तपासल्या आणि एकूण किती मासे आले, एवढ्यावर न थांबता तेवढ्याच लांबीच्या दोरावर किती मासे आले, याचा हिशेब मांडला. हा हिशेब फार बोलका होता. एकूण पकड पुष्कळ वर्षे मोठी दिसत होती, कारण बोटी आणि गळ वाढत होते. पण जुन्या क्षेत्रांत जेथे 1906 च्या सुमारास दोराच्या एका ठरावीक लांबीवर शंभराहून अधिक किलो मासे मिळत, तेथे 1930 च्या सुमारास वीस किलोही मिळेनात. एखाद्या विहिरीचे पाणी खाली जात असावे आणि माणसाने दोर लांब करून आपल्याला पूर्वीइतकेच पाणी मिळते असे समाधान मानावे, तसा हा प्रकार होता.

स्वतः मच्छीमारांनीच हिवाळी बंदीची मागणी केली. पण मासा अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांच्या किनाऱ्यांवरून फिरतो. एका देशाने बंदी घातली तर दुसऱ्याच्या बोटींचे फावणार. म्हणून 2 मार्च 1923 रोजी दोन्ही देशांनी वॉशिंग्टन येथे तह केला. या तहाला कॅनडाच्या राजकीय इतिहासातही स्थान आहे. कॅनडा तेव्हा ब्रिटिश साम्राज्याचा भाग होता आणि परराष्ट्रांशी होणाऱ्या करारांवर ब्रिटनच्या प्रतिनिधीची सही असे. पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी या वेळी तो पायंडा मोडला व त्यांचे मंत्री अर्नेस्ट लापॉइंट यांनी एकट्यानेच सही केली. कॅनडाने स्वतः वाटाघाटी करून स्वतःच सही केलेला हा पहिला तह. एका देशाच्या स्वतंत्र सहीची सुरुवात एका चपट्या माशामुळे व्हावी, हा इतिहासातील एक गमतीचा योग म्हणावा लागेल.

तहाने अंडी घालण्याच्या काळात तीन महिने मासेमारी बंद केली. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, त्यामागे खवळलेल्या समुद्राइतकाच माशांच्या विणीचाही विचार असतो, तसेच हे. मात्र तीन महिन्यांच्या बंदीने पुरेसे काम झाले नाही. उरलेल्या नऊ महिन्यांत बोटी अधिक जोराने मासे काढू लागल्या. मग 1930 साली तहात बदल करून दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगाला पकडीची मर्यादा ठरवण्याचा अधिकार दिला गेला. 1932 पासून प्रत्येक क्षेत्रासाठी वर्षाला इतके मासे, असा आकडा ठरू लागला. तो आकडा गाठला की हंगाम बंद. हाच तो आंतरराष्ट्रीय प्रशांत हॅलिबट आयोग. त्यात प्रत्येक देशाचे तीन याप्रमाणे सहा सदस्य असतात. त्याचे कार्यालय सिएटलमध्ये आहे आणि एका शतकाहून अधिक काळ त्याचे काम चालू आहे. जाळी ओढून हॅलिबट धरण्यास पुढे मनाई झाली. ठरावीक लांबीपेक्षा लहान मासा परत सोडणे बंधनकारक झाले. 1973 साली व्यापारी मासेमारीसाठी ही लांबी सुमारे 81 सेंटिमीटर ठरली.

हॅलिबट सावरला.

चोवीस तास

मासा सावरला, पण माणसांची घाई कमी झाली नाही. नियमाने एकूण पकड ठरवली होती. ती कोणी किती पकडावी, हे ठरवले नव्हते. ठरलेला आकडा संपण्यापूर्वी आपल्या वाट्याला जास्तीत जास्त यावे, म्हणून प्रत्येकाने मोठी बोट घेतली, जास्त गळ घेतले, जास्त माणसे ठेवली. त्यामुळे आकडा लवकर संपू लागला. तो लवकर संपतो म्हणून हंगाम आणखी आखूड झाला. हंगाम आखूड झाला म्हणून घाई आणखी वाढली. तीसच्या दशकात काही महिने चालणारा हंगाम पन्नासच्या दशकात काही भागांत दोन महिन्यांहूनही कमी झाला. 1980 नंतर अलास्काच्या मुख्य क्षेत्रांत तो वर्षातून दोन किंवा तीन दिवसांवर आला. प्रत्येक वेळी चोवीस तास. लोक या प्रकाराला ‘डर्बी’, म्हणजे शर्यत, म्हणू लागले.

या चोवीस तासांचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. तारीख आणि वेळ आधी जाहीर होई. त्या दिवशी वादळ असले तरी बोटी निघत, कारण घरी थांबणाऱ्याचा वर्षाचा हंगाम बुडे. दिवसभर, रात्रभर न झोपता माणसे गळाला आमिष लावीत, दोर सोडीत, दोर ओढीत. थकलेल्या हाताला गळ लागे, दोराच्या वेटोळ्यात पाय अडके. झेपणार नाही इतके मासे बोटीत भरले जात आणि परतताना बोट बुडे. चोवीस तास भरत आले की जे दोर ओढून होत नसत, ते तसेच तोडून टाकावे लागत. तळाशी राहिलेल्या त्या गळांवर मासे लागून मरत राहत. पकडलेला मासा वेळेवर साफ करून बर्फात घालण्यास फुरसत नसे. किनाऱ्यावर सर्वांचे मासे एकदम येत आणि भाव कोसळे. खाणाऱ्याला वर्षातले थोडे दिवस ताजा मासा मिळे आणि बाकी काळ गोठवलेला. आयोगाच्या नोंदीत मात्र सारे ठीक होते, कारण माशांची संख्या सुरक्षित होती.

नियम चुकीचा होता असे म्हणता येत नाही. तो अर्धा होता. माशांचा हिशेब त्यात होता, माणसांचा नव्हता.

विचार करा : हंगाम चोवीस तासांचा असावा असे कोणीच ठरवले नव्हते. मग तो तसा कसा झाला?

वाटा कोणाचा?

ब्रिटिश कोलंबियाने 1991 साली आणि अलास्काने 1995 साली नवी पद्धत आणली. वर्षाची एकूण मर्यादा पूर्वीप्रमाणे ठरवायची; पण तिचे वाटे पाडून ते आधीच नावावर करून द्यायचे. ज्याच्याकडे जेवढा वाटा, तेवढे मासे त्याने हंगामात केव्हाही पकडावेत. हंगाम एकदम आठ महिन्यांचा झाला. वादळ आले तर बोट बंदरात थांबू लागली. मासा नीट साफ होऊ लागला, बर्फात राहू लागला, ताजा विकला जाऊ लागला आणि भावही वाढला. तटरक्षक दलाला बुडत्या बोटींच्या मदतीला धावण्याचे प्रसंग कमी आले. समुद्रात तोडून टाकलेल्या दोरांचे प्रमाण घटले. घाईचे कारणच निघून गेल्यावर घाई गेली.

येथेच पाठ संपवता आला असता, परंतु वाटे कोणाला मिळाले हे पाहिल्यावाचून तो पूर्ण होत नाही. अलास्कात वाटे ठरवताना 1984 ते 1990 या वर्षांतील पकड आधाराला घेतली आणि ते बोटींच्या मालकांना, तसेच बोट भाड्याने चालवणाऱ्यांना दिले. त्याच बोटींवर वर्षानुवर्षे आमिष लावणाऱ्या, दोर ओढणाऱ्या खलाशांना काहीही मिळाले नाही. वाटे विकता येत होते. छोट्या गावांतील अनेकांनी, पैशांची नड असताना, आपले वाटे विकले आणि ते वाटे गावाबाहेर गेले. 1995 पूर्वी अलास्कात हॅलिबट धरणाऱ्या बोटी तीन हजारांहून अधिक होत्या. पुढे त्यांची संख्या निम्म्याहूनही खाली आली. तितक्या बोटींवरची माणसेही कामाबाहेर गेली. ज्या मुलाच्या वडिलांना वाटा फुकट मिळाला होता, त्याच्या शेजारच्या मुलाला तोच व्यवसाय सुरू करायचा तर वाटा विकत घेण्यासाठी मोठे कर्ज काढावे लागू लागले.

काही उपाय झाले. कोणा एकाकडे फार वाटे जमू नयेत म्हणून मर्यादा घातली गेली. बहुतेक वाटे नव्याने विकत घेणाऱ्याने स्वतः बोटीवर असले पाहिजे, असा नियम झाला. पश्चिम अलास्कातील गावांसाठी मर्यादेचा काही भाग राखून ठेवला गेला. 2003 साली किनाऱ्यावरील मूळ रहिवासी समाजांना आणि ग्रामीण रहिवाशांना घरच्या अन्नापुरता हॅलिबट धरण्याचा हक्क केंद्र सरकारच्या नियमांत मान्य झाला. ज्यांनी लाकडी गळ शोधून काढला, त्यांच्या वंशजांच्या ताटातल्या माशाला नियमांत स्वतःची जागा मिळायला एवढी वर्षे लागली.

दुसरा वाद अजून मिटलेला नाही. बेरिंग समुद्रात मोठ्या ट्रॉलर बोटी तळावरून जाळे ओढून दुसऱ्या जातींचे चपटे मासे धरतात. त्या जाळ्यांत हॅलिबटही येतो. तो ठेवून घेण्यास त्यांना मनाई आहे, म्हणून तो परत समुद्रात टाकावा लागतो, आणि तोपर्यंत त्यातील पुष्कळ मासे मेलेले किंवा मरायला टेकलेले असतात. 2014 साली बेरिंग समुद्रात अशा रीतीने वाया गेलेल्या हॅलिबटची संख्या, हॅलिबट धरणाऱ्यांनी किनाऱ्यावर आणलेल्या माशांहून कितीतरी अधिक होती. त्या समुद्राच्या मधोमध सेंट पॉल नावाचे लहानसे बेट आहे. तेथील उनांगन समाजातील लोक छोट्या बोटींतून हॅलिबट धरतात व त्यावर त्यांचा बराचसा चरितार्थ चालतो. हॅलिबट कमी झाला की प्रथम त्यांचा वाटा घटे, ट्रॉलरना घातलेली मर्यादा मात्र जशीच्या तशी राही. 2015 साली ती मर्यादा खाली आणली गेली. 2024 पासून मुख्य ट्रॉलर ताफ्यासाठी नवा नियम लागू झाला. समुद्रात हॅलिबट कमी असेल, तर त्या ताफ्याची मर्यादाही त्या प्रमाणात कमी होते.

मासाही पूर्वीसारखा राहिलेला नाही. 1980 च्या दशकात वीस वर्षांच्या मादीचे जे सरासरी वजन होते, त्याच्या निम्म्याहूनही कमी वजन पुढे 2010 नंतरच्या दशकात त्याच वयाच्या मादीचे आढळले. त्याच अन्नावर जगणाऱ्या दुसऱ्या चपट्या माशांची संख्या वाढली आहे, समुद्राचे तापमान बदलते आहे आणि मोठे मासे निवडून पकडले गेले आहेत. यांपैकी कोणत्या कारणाचा भाग किती, याबद्दल शास्त्रज्ञांत एकमत नाही. मासा लहान राहिला, तर तो 81 सेंटिमीटर लांबीला उशिरा पोचतो. गळाला लागलेले अधिक मासे परत सोडावे लागतात आणि त्यांतले काही जगत नाहीत. मोठ्या माशांच्या काळात केलेला नियम लहान माशांच्या काळात तसाच ठेवावा का, हा प्रश्न त्यामुळे आयोगाच्या बैठकांत चर्चेला येत राहिला आहे. दर उन्हाळ्यात आयोगाने नेमलेल्या बोटी ठरलेल्या ठिकाणी दोर सोडतात, मासे मोजतात, कर्णाश्म काढून घेतात. नंतर सिएटलच्या प्रयोगशाळेत त्यांची वलये मोजली जातात, आणि त्या मोजणीच्या आधारे पुढच्या वर्षाचा आकडा ठरतो.

शब्दार्थ

भूखंडमंच – किनाऱ्यालगतचा समुद्राखालील उथळ व मंद उताराचा भाग. तप – बारा वर्षांचा काळ. आमिष – माशाला भुलवण्यासाठी गळाला लावलेले खाद्य. डोंगी – झाडाचे खोड कोरून केलेली लहान होडी. पायंडा – चालत आलेली रीत. वीण – प्रजनन. चरितार्थ – उदरनिर्वाह. नड – गरज, अडचण.

स्वाध्याय

1. हॅलिबटच्या पिल्लाचे चपट्या माशात रूपांतर कसे होते, ते सात-आठ वाक्यांत लिहा.

2. थॉम्पसनने एकूण पकड न पाहता ठरावीक लांबीच्या दोरावरील पकड पाहिली. त्यामुळे कोणती गोष्ट उघड झाली? विहिरीच्या उदाहरणाचा उपयोग करून सांगा.

3. ‘नियम चुकीचा होता असे म्हणता येत नाही, तो अर्धा होता.’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

4. 1995 नंतरच्या पद्धतीबद्दल बोटीचा मालक, खलाशी आणि छोट्या गावातील तरुण यांची मते काय असतील? तिघांचे मत त्यांच्या तोंडी घालून थोडक्यात लिहा.

5. तुमच्या गावात किंवा वस्तीत पाणवठा, गायरान, जंगल, नळ यांसारखी सर्वांची मिळून एखादी गोष्ट आहे का? तिचा वापर कोणी, केव्हा आणि किती करायचा, हे कसे ठरते? वडीलधाऱ्या माणसांना विचारून दहा-बारा वाक्ये लिहा.